मशीन चालू आहे, पण बरोबर चालू आहे का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे ३१ वर्षांचे आहेत, ई अँड टीसीचे (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) इंजिनिअर. आठ वर्षं कोल्हापूर-सांगली भागात एका डीलरकडे सर्व्हिस इंजिनिअर म्हणून काम करतात. व्हेंटिलेटर, मॉनिटर, इन्फ्युजन पंप अशी आयसीयूतली उपकरणं त्यांच्याकडे आहेत. डीलरने या काळात दोनदा कंपनी बदलली आणि दोन्ही वेळा शिकलेलं अर्धं वाया गेलं, असं त्यांना वाटतं. आता समोर तीन वाटा आहेत: नोकरी सांभाळून बायोमेडिकलमध्ये एम.टेक., पावणेदोन लाखांचा ऑनलाइन एआय कोर्स, किंवा पुण्याच्या एका उपकरण कारखान्यात क्वालिटी विभागातली नोकरी, सुरुवातीला थोड्या कमी पगारावर. 'या वयात नेमकं काय शिकू, म्हणजे पुढची पंचवीस वर्षं कामाला येईल?'

मी या क्षेत्रात ३२ वर्षं आहे. पहिली १४ तुमच्यासारखीच फिरतीवर गेली. पुढची ११ कारखान्यात, क्वालिटी आणि लायसन्सच्या कामात. आता रुग्णालयांच्या बायोमेडिकल विभागातल्या आणि कारखान्यांतल्या माणसांना शिकवतो.

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. एआयच्या कोर्सचे पैसे आत्ता भरू नका. एम.टेक. दोन-तीन वर्षांनी केलंत तरी चालेल, तेव्हा ते जास्त उपयोगी पडेल. पुण्याची नोकरी घ्यावी असं माझं मत आहे, पण फिरतीत जे कमावलंत ते मागे ठेवून जाऊ नका. आणि नोकरी मिळो न मिळो, एक काम उद्यापासून सुरू करण्यासारखं आहे. त्याला शंभर पानी वही लागते, बाकी काही नाही.

शिकलेलं अर्धं वाया गेलं म्हणता, तर ते अर्धं कुठलं ते बघा. सर्व्हिस मोडचा पासवर्ड, मेनूचा क्रम, एरर कोडचा तक्ता, कुठला बोर्ड कुठे बसतो, हे गेलं. ते मॉडेलबरोबर आलं होतं, मॉडेलबरोबर गेलं. पण एसपीओटूचा, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायचा प्रोब घ्या. लाल आणि इन्फ्रारेड, साधारण ६६० आणि ९४० नॅनोमीटरचे दोन प्रकाश बोटातून जातात. नाडीबरोबर कमीजास्त होणारा भाग वेगळा काढून त्यावरून रक्तातला ऑक्सिजन मोजला जातो. ताकुओ आओयागी या जपानी इंजिनिअरने १९७४ मध्ये हे मांडलं. पन्नास वर्षांत कंपन्या आल्या, गेल्या, स्क्रीन रंगीत झाले, पण तत्त्व तेच आहे. ते ज्याला नीट कळलं त्याला कुठल्याही कंपनीचा मॉनिटर दोन दिवसांत हाताळता येतो. आपल्याकडे मात्र चार दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये साडेतीन दिवस मेनू शिकवतात.

मला हे एका सिस्टरने शिकवलं. १९९७ ची गोष्ट. एका जिल्ह्याच्या गावी खासगी आयसीयूतून तक्रार आली की मॉनिटर सारखा 'प्रोब निघालाय' असं दाखवतो. मी प्रोब बदलला. दुसऱ्या दिवशी केबल बदलली. तिसऱ्या दिवशी अख्खा मॉनिटर बदलायला घेऊन गेलो, तरी तेच. रात्रपाळीच्या सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "साहेब, पेशंटचा हात धरून बघा." हात बर्फासारखा थंड होता. रक्तदाब टिकवायला औषधाचं ड्रिप जोरात चालू होतं, त्यामुळे बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या होत्या. बोटात नाडीच पोचत नव्हती, मग प्रोबला दिसणार काय? त्यांनी कानाच्या पाळीला लावायचा प्रोब काढला, लावला, आणि आकडा स्थिर झाला. तीन दिवस मी जे दुरुस्त करत होतो ते बिघडलेलंच नव्हतं.

त्यानंतर त्या गावी कॉल असला की मी मुद्दाम मुक्काम करायचो आणि रात्री अर्धा तास सिस्टरांजवळ बसायचो. ईसीजीची लीड हलली की काय दिसतं, पेशंट थरथरत असला की काय दिसतं, ब्लडप्रेशरचा कफ लहान पडला की आकडा खोटाच जास्त का येतो, हे सगळं तिथे कळलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात किमती ट्रेनिंग तेच होतं, आणि त्याचं प्रमाणपत्र माझ्याकडे नाही.

याची दुसरी बाजू जास्त धोक्याची आहे. वर सांगितलेलं मशीन बरोबर होतं आणि बिघडलेलं दिसत होतं. पण जे मशीन चालू आहे, दिवे लागलेत, आवाज नाही, आणि तरी चुकीचं आहे, त्याचं काय? इन्फ्युजन पंपावर, म्हणजे शिरेतून ठरलेल्या वेगाने औषध सोडणाऱ्या मशीनवर, तासाला १० मिली लावले. बहुतेक उत्पादक पाच टक्क्यांच्या आतली अचूकता सांगतात. प्रत्यक्षात १० जातात की १३, हे डोळ्यांनी दिसत नाही. डिफिब्रिलेटरवर, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या मशीनवर, २०० जूल सेट केले, 'चार्ज्ड' असं दिसलं, ढप्प आवाजही झाला. पण चाचणीसाठी छातीच्या जागी लावलेल्या ५० ओहमच्या लोडवर खरोखर किती जूल बाहेर पडले? मानकाप्रमाणे १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे १७० ते २३०. एखाद्या जुन्या डिफिब्रिलेटरचा कपॅसिटर दमला असेल तर १३० च निघतील, आणि हे ॲनालायझर लावल्याशिवाय कुणालाही कळणार नाही. ज्याच्या छातीवर ते पॅडल ठेवले जातील त्याला तर कळण्याची सोयच नाही.

सरकारी व्यवस्थेतही हा फरक निसटतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानात २०१५ साली उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम सुरू झाला. ठेकेदाराला उपकरणं किती वेळ चालू ठेवायची याची टक्केवारी बांधून दिली: जिल्हा रुग्णालयात ९५, सामुदायिक आरोग्य केंद्रात ९०, प्राथमिक केंद्रात ८०. ज्यांनी त्याआधीचे धूळ खात पडलेले एक्स-रे आणि वॉर्मर पाहिलेत त्यांना या कार्यक्रमाचं महत्त्व सांगायला नको. पण कॉल बंद करताना इंजिनिअरच्या मनात एकच प्रश्न उरतो, मशीन सुरू झालं का. ते बरोबर मोजतंय का, हा प्रश्न कॅलिब्रेशनच्या तारखेवर ढकलला जातो, आणि ती वर्षातून एकदा येते.

म्हणून पंचवीस वर्षं काय कामाला येईल, याचं माझं उत्तर असं: मशीन बरोबर आहे हे सिद्ध करता येणं. त्याला तीन गोष्टी लागतात. शरीरात काय चाललंय याची समज, मोजमापाची समज, आणि जे केलं ते दुसऱ्याला पटेल असं लिहिता येणं. तुमच्याकडे पहिली अर्धी आहे, दुसरी पाऊण असेल, आणि तिसरी बहुतेक सर्व्हिस इंजिनिअरांप्रमाणे जवळपास नसेल. 'फॉल्ट अटेंडेड, वर्किंग ओके' एवढंच आपण आयुष्यभर लिहितो. काय होतं, काय मोजलं, किती आलं, किती यायला हवं होतं, कशाने मोजलं आणि त्या मोजणाऱ्या उपकरणाचं कॅलिब्रेशन कधीपर्यंत आहे, या सहा गोष्टी एका ओळीत लिहायला सुरुवात करा.

आता वयाबद्दल. ३१ व्या वर्षी 'या वयात' म्हणू नका. मी एका डार्करूममधल्या मामांची गोष्ट सांगतो.

एका ट्रस्टच्या रुग्णालयात मामा २४ वर्षं फिल्म धुवत होते. डेव्हलपर, पाणी, फिक्सर, पाणी, लाल दिव्यात. २००६ च्या सुमारास तिथे सीआर, म्हणजे कॉम्प्युटेड रेडिओग्राफी आलं. फिल्मच्या जागी फॉस्फरची प्लेट, ती रीडरमध्ये घालायची, चित्र कॉम्प्युटरवर. डार्करूमला कुलूप लागलं. मामांना फायली पोचवायच्या कामावर टाकायचं ठरलं होतं. इन्स्टॉलेशन आम्ही केलं होतं, मी आठवडाभर तिथे होतो. मामा रोज येऊन मागे उभे राहायचे. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "साहेब, फिल्म असताना एक्स्पोजर जास्त झालं की काळी यायची, पुन्हा काढायला लागायची. यात जास्त दिलं तरी चित्र छानच येतंय. मग जास्त दिलं हे कळणार कसं?"

खोलीत रेडिओलॉजिस्ट होते, दोन टेक्निशियन होते, मी होतो. हा प्रश्न आमच्यापैकी कुणीच विचारला नव्हता. डिजिटल एक्स-रेमधला हा नेमका खरा धोका आहे. सॉफ्टवेअर चित्राचा उजेड आपोआप जुळवून घेतं. एक्स्पोजर कमी पडलं तर चित्र दाणेदार दिसतं आणि डॉक्टर ओरडतात. जास्त झालं तर चित्र सुंदर दिसतं आणि कुणीच ओरडत नाही. म्हणून टेक्निशियनचा हात हळूहळू वर सरकत जातो आणि पेशंटला मिळणारा डोस वाढत जातो. इंग्रजी पुस्तकांत याला स्वतंत्र नाव आहे. मामांनी ते पुस्तक पाहिलं नव्हतं. त्यांच्याकडे २४ वर्षं काळ्या-पांढऱ्या फिल्मा बघितलेले डोळे होते.

प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक्स्पोजर इंडेक्सचा आकडा येतो, तो कसा वाचायचा हे मी त्यांना दाखवलं. छातीला किती यायला हवा, कमरेला किती, हे तक्त्यात लिहून दिलं. त्यांनी रोज संध्याकाळी सगळे आकडे वहीत उतरवायला सुरुवात केली आणि तिसऱ्या महिन्यात विभागप्रमुखांना दाखवलं की रात्रपाळीचे आकडे सतत वर जातात. फायली पोचवायचं काम टळलं. निवृत्त होईपर्यंत ते त्या विभागाची गुणवत्ता वही सांभाळत होते. शिक्षण आठवी.

हे मी एवढं लांबवून सांगतो, कारण या उद्योगात 'नवीन तंत्रज्ञान आलं, जुनी माणसं काढा' हा विचार मी अनेक मीटिंगांत ऐकला आहे आणि तो मला प्रत्येक वेळी खुपला आहे. जुन्या माणसाला जुन्या यंत्राची खोड माहीत असते, आणि नवीन यंत्र ती खोड बऱ्याचदा लपवून ठेवतं. त्याला नव्या यंत्राची भाषा शिकवणं हे नवीन माणसाला जुना अनुभव देण्यापेक्षा खूप सोपं आहे. दुसरं तर अशक्यच आहे.

शिकवण्याची आपली पद्धत मात्र कच्ची आहे, आणि २०२१ मध्ये त्याची किंमत मोजली गेली. दुसऱ्या लाटेत ग्रामीण रुग्णालयांत व्हेंटिलेटर पोचले होते, आणि त्यातले बरेच बाजूला उभे होते. मी त्या दोन महिन्यांत जिथे जिथे गेलो, तिथे व्हेंटिलेटर खरोखर बिघडलेला क्वचितच सापडला. कुठे पाइपलाइनचा दाब कमी पडत होता, कारण त्याच लाइनवर मिनिटाला ६० लिटरपर्यंत ऑक्सिजन ओढणारी हाय-फ्लो मशीनं लावली होती. कुठे मशीनमधली ऑक्सिजन मोजणारी सेल संपली होती. ती वापरली नाही तरी हवेतल्या ऑक्सिजननेच झिजत जाते, वर्ष-दोन वर्षं टिकते. कुठे फ्लो सेन्सर उलटा बसवलेला. स्टाफला दोष देऊ नका. इन्स्टॉलेशनच्या दिवशी जे ड्युटीवर होते त्यांना चाळीस मिनिटांचा डेमो मिळाला, त्यांनी रिपोर्टवर सही केली आणि तीन महिन्यांत त्यांची बदली झाली. कागदावर ट्रेनिंग पूर्ण होतं, वॉर्डात ट्रेनिंग मिळालेलं माणूस नव्हतं.

तेव्हापासून मी डेमो एकदा देत नाही. तिन्ही पाळ्यांना वेगवेगळा देतो, दीड महिन्याने परत जातो, आणि त्या वेळी मी हात खिशात ठेवून उभा राहतो, सिस्टर मशीन लावतात. शिवाय मशीनला मराठीत एक कार्ड लॅमिनेट करून अडकवतो. त्याची पहिली ओळ: 'अलार्म वाजला तर आधी पेशंटकडे बघा, मग मशीनकडे.' खाली चार ओळी, चार कारणं. इंग्रजीतलं दोनशे पानी मॅन्युअल कपाटात कुलूपबंद असतं, हे कार्ड रात्री तीन वाजता हाताशी असतं.

आणि शिकवायचं ते फक्त सिस्टर आणि टेक्निशियनला नाही. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत एका रुग्णाचा नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला, चुंबकाने ओढला गेला आणि त्याचा मृत्यू झाला. एमआरआयचं सुपरकंडक्टिंग चुंबक स्कॅन चालू नसतानाही पूर्ण ताकदीने चालू असतं, एवढं एक वाक्य त्या दारापर्यंत येणाऱ्या प्रत्येक माणसाला माहीत हवं. मामा, मावशी, सफाईचं काम करणारे, सिलिंडर आणणारे, सगळ्यांना. कंपन्यांच्या ट्रेनिंगच्या यादीत ही माणसं कधी नसतात.

आता पुण्याच्या नोकरीबद्दल. आपल्याकडचं चित्र गेल्या सात-आठ वर्षांत पूर्ण बदललं आहे. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने सगळीच वैद्यकीय उपकरणं कायद्याच्या कक्षेत आली. क आणि ड वर्गाच्या, म्हणजे जास्त जोखमीच्या उपकरणांना ऑक्टोबर २०२३ पासून लायसन्स सक्तीचं झालं; अ आणि ब वर्गासाठी ते एक वर्ष आधी लागू झालं होतं. अ आणि ब वर्गाच्या उत्पादनाचं लायसन्स राज्य देतं, क आणि ड चं केंद्र. नियमांच्या पाचव्या परिशिष्टातली गुणवत्ता व्यवस्था ही आयएसओ १३४८५ या वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्तेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या जवळची आहे. ज्या छोट्या कारखान्यांत मालक, त्यांचा भाऊ आणि एक फोरमन मिळून सगळं बघत होते, तिथे आता जोखीम व्यवस्थापनाची फाइल लागते, तक्रारींचा अभ्यास लागतो, बदलांची नोंद लागते.

आणि ही कामं करायला माणसं कुठे आहेत? फार्मामधून आलेल्यांना कागद उत्तम येतो, पण पंप वॉर्डात कसा वापरला जातो हे त्यांनी पाहिलेलं नसतं. आयएसओ १४९७१ या जोखीम व्यवस्थापनाच्या मानकाप्रमाणे जोखमींची यादी करायला बसलं की कॉलेजमधून आलेला मुलगा लिहितो, 'वापरणाऱ्याने चुकीचा वेग सेट करणे.' तुम्ही लिहाल, 'रात्री पेशंट दुसऱ्या वॉर्डात हलवताना पंपाची बॅटरी संपणे, कारण वायर भिंतीला लावली होती पण सॉकेटचं बटण बंद होतं.' ही दुसरी ओळ माणूस वाचवते. आठ वर्षांच्या फिरतीत तुम्ही अशा दोनशे ओळी गोळा केल्या आहेत. त्या वहीत उतरवा, हेच ते मी वर म्हटलेलं काम.

कारखान्यातल्या शिकण्याबद्दल मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आयएसओ १३४८५ च्या ६.२ या कलमात म्हटलंय की माणसाला कामासाठी लागणारी क्षमता ठरवा, ट्रेनिंग द्या, आणि ट्रेनिंगचा परिणाम झाला का ते तपासा. बहुतेक ठिकाणी हे 'वाचलं व समजलं' या सहीवर संपतं. मी ज्या कारखान्यात होतो तिथे सुरुवातीला आम्हीही तेच करत होतो. निर्जंतुक कॅथेटरचे पाउच सील करायच्या टेबलावर दहावी न झालेली एक बाई होती, सात वर्षांपासून. एक दिवस ती सुपरवायझरला म्हणाली, रोल बदलल्यापासून पाउच सोलताना आवाज वेगळा येतोय. सीलच्या मशीनवरचं तापमान, दाब, वेळ सगळं मर्यादेत होतं. सुपरवायझरने सोडून दिलं. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलली, तेव्हा पाउच फाडून सीलची ताकद मोजली. ती मर्यादेच्या अगदी काठावर आली होती. पुरवठादाराने आम्हाला न कळवता कोटिंग बदललं होतं.

सीलिंग ही अशी प्रक्रिया आहे की प्रत्येक नग तपासता येत नाही. तपासायचा तर फाडावा लागतो. म्हणून प्रक्रिया आधी सिद्ध करून घेतात आणि मग त्यावर विसंबतात. पण सिद्ध केलेली प्रक्रिया सरकली हे सगळ्यात आधी कळतं ते जिचा हात दिवसाला हजार पाउचवरून फिरतो तिला. त्या घटनेनंतर आम्ही 'वाचलं व समजलं' बंद केलं. तिला सीलची ताकद मोजायचं मशीन शिकवलं, आलेख वाचायला शिकवला, आणि नवीन मुलींच्या ट्रेनिंगची सही तिची ठेवली: तिच्यासमोर वीस पाउच करून दाखवायचे, त्यातले वाईट तीन कुठले ते ओळखायचे, मगच टेबल मिळायचं. पगारही वाढवून घेतला. त्यासाठी मला मॅनेजमेंटशी बरंच भांडावं लागलं आणि त्याचं मला आजही समाधान आहे. पुण्याला गेलात तर पहिला महिना ऑफिसात बसू नका, लाइनवर उभे राहा.

क्वालिटीचं शिक्षण कंपनीबरोबर जात नाही, हाही मुद्दा तुमच्या प्रश्नाला धरून आहे. २ फेब्रुवारी २०२६ पासून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध आणि उपकरणांच्या नियामक संस्थेने, आपली गुणवत्ता नियमावली आयएसओ १३४८५:२०१६ वरच बेतली. युरोपचे नियम वेगळे असले तरी कारखान्याचा पाया याच मानकाचा असतो. एकदा हे नीट शिकलात की पुणे, बंगळुरू, आयर्लंड, कुठेही तीच भाषा आहे. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये या उद्योगासाठी ५०० कोटींची योजना काढली, त्यातले १०० कोटी कौशल्यविकासासाठी आहेत. म्हणजे येत्या काळात अभ्यासक्रम बरेच निघतील. प्रत्येक ठिकाणी एकच विचारा: शिकवणाऱ्याने स्वतः कधी ऑडिटला तोंड दिलंय का, आणि प्रत्यक्ष उपकरण हातात मिळणार का?

एआयकडे येतो. मी त्याच्या विरोधात नाही. क्षयरोगाच्या तपासणीत छातीचा एक्स-रे सॉफ्टवेअरने वाचायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली, १५ वर्षांवरच्या लोकांसाठी. असं सॉफ्टवेअर बनवणारी एक ठळक कंपनी आपल्या मुंबईचीच आहे, क्यूर डॉट एआय. हे काम वाढणार आहे. पण पावणेदोन लाखांच्या कोर्समध्ये पायथन आणि चार मॉडेल शिकवतील, आणि त्यात तुमची गाठ रोज तेच करणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलांशी पडेल. तुमची जागा दुसरीकडे आहे. एक्स-रेचा डिटेक्टर नीट कॅलिब्रेट नाही, पेशंट वाकडा उभा आहे, एक्स्पोजर चुकलंय, अशा चित्रावर सॉफ्टवेअर काय उत्तर देईल आणि ते कुणी ओळखायचं? मामांचाच प्रश्न नव्या रूपात.

त्याआधी नेटवर्क शिका, कारण ते आत्ता लागतं आणि आपल्या लोकांना ते येत नाही. चित्र एक्स-रेवरून सर्व्हरला जात नाही, अशी तक्रार आली की बायोमेडिकलवाला आयटीवाल्याकडे बोट दाखवतो आणि आयटीवाला बायोमेडिकलवाल्याकडे. बहुतेक वेळा आयपी ॲड्रेस, पोर्ट किंवा एई टायटल (मशीनचं नेटवर्कवरचं नाव) यांपैकी एक चुकलेलं असतं. ऑर्थँक नावाचा डायकॉम सर्व्हर, म्हणजे वैद्यकीय चित्रं घेणारं आणि साठवणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं. ते घरच्या लॅपटॉपवर टाका, दुसऱ्या लॅपटॉपवरून त्याला चित्रं पाठवा, मुद्दाम सेटिंग बिघडवा आणि शोधून काढा. चार रविवार पुरतात. मे २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या कॉम्प्युटर व्हायरसने ब्रिटनची रुग्णालयं अडकवली, नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडून काम हाताने कागदावर करावं लागलं. त्यानंतर मशीनच्या यूएसबी पोर्टमध्ये आपला पेनड्राइव्ह घालताना हात थांबायला हवा, आणि अजून बऱ्याच जणांचा थांबत नाही.

बाकी वाचन फुकट आहे. एनपीटीईएलवर आयआयटीचे बायोमेडिकलचे अभ्यासक्रम आहेत, शुल्क फक्त परीक्षेचं. एफडीएचं 'मॉड' (MAUDE) हे उपकरणांच्या दुर्घटनांचं भांडार सगळ्यांना खुलं आहे. तुमच्याकडचा व्हेंटिलेटर कुठला ते टाका आणि रविवारी पाच नोंदी वाचा. काय काय बिघडू शकतं हे कुठलंच ट्रेनिंग इतकं सांगत नाही. आपल्याकडे मटेरिओव्हिजिलन्सचा कार्यक्रम जुलै २०१५ पासून आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे. उपकरणामुळे पेशंटला इजा झाली किंवा थोडक्यात टळली, तर सर्व्हिस इंजिनिअरलाही नोंद पाठवता येते. एकदा तो फॉर्म भरून बघा. घटना नेमकी लिहिणं किती अवघड असतं हे तेव्हा कळतं. पुढे कधी सोनोग्राफी किंवा एक्स-रेचं काम हातात आलं तर गर्भलिंग निदानविरोधी कायदा आणि अणुऊर्जा नियामक परिषदेचे नियम आधी वाचा, मग स्क्रूड्रायव्हर धरा. नोंदणी नसलेल्या केंद्राला सोनोग्राफी मशीन विकणं किंवा भाड्याने देणं गुन्हा आहे, आणि 'मी फक्त डिलिव्हरी दिली' हे तिथे चालत नाही.

तुमच्या डीलरसारख्या मालकांनाही दोन शब्द. ट्रेनिंगला पाठवलं की मुलगा नोकरी सोडतो, ही भीती मी प्रत्येक ठिकाणी ऐकतो. काही सोडतात, खरं आहे. पण शिकवलं नाही तर जो राहतो तो कॉल घेऊन 'वर्किंग ओके' लिहीत राहतो, आणि पलीकडे पेशंट असतो. आठवड्यातले दोन तास, पगारी, कामाच्या वेळेत. रविवारी नाही आणि रात्री नाही, कारण मग घरात लहान मूल असलेल्या मुली आधी गळतात. बायोमेडिकलच्या वर्गांत आज मुलींची संख्या चांगली आहे आणि फिरतीच्या कामात त्या दिसत नाहीत, याला आपली वेळापत्रकं कारण आहेत. त्या दोन तासांत बाहेरचा वक्ता नको. या आठवड्यातला एक चुकलेला कॉल घ्या, ज्याने केला त्याने उभं राहून सांगायचं, आणि कुणी त्याला रागवायचं नाही.

एम.टेक. कधी करायचं ते तुम्हालाच कळेल. कारखान्यात दोन वर्षं काढल्यावर एखादा प्रश्न छळायला लागेल, पंपाचा असेल, अलार्मचा असेल. तो घेऊन मार्गदर्शकाकडे जा. विषय शोधत एम.टेक. करणारे पुष्कळ पाहिलेत, विषय घेऊन आलेले फार थोडे.

आणि उद्या सकाळी पहिल्या कॉलला जाल तेव्हा वही घेऊन जा. मशीनचं काम झालं की सिस्टरांना विचारा, या मशीनमुळे तुम्हाला रात्री कधी भीती वाटली होती का. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, मराठीतच लिहा. पुण्याच्या मुलाखतीपर्यंत अशी पंधरा-वीस पानं भरतील. प्रमाणपत्रांच्या फायलीआधी ती वही टेबलावर ठेवा. समोरचा माणूस कामाचा असेल तर तो खुर्ची पुढे ओढून ती वाचायला घेईल. नाही घेतली, तर तो कारखाना तुमच्यासाठी नाही आणि दुसरा शोधा. मुलाखत झाली की काय झालं ते मला जरूर कळवा.